लेकुरवाळी युरोपवारी

आईवडिलांना युरोप दाखवून आणणारी मुलं हल्ली गल्लोगल्ली निघाली आहेत. पूर्वी मुलगा फार तर काशी-रामेश्वर घडवायचा. आता तो जेवता जेवता म्हणतो, "आई, तुम्ही दोघांनी आयुष्यभर काय पाहिलंत? या मे महिन्यात आमच्याबरोबर पॅरिसला चला." आपले डोळे भरून येतात. दोन घास झाले की सून हळूच पुस्ती जोडते, "म्हणजे मुलांनाही तुमची सवय आहे ना!" डोळे तिथल्या तिथे कोरडे होतात आणि हिशेब लक्षात येतो. थोरली अडीच वर्षांची, धाकटा आठ महिन्यांचा. तिकडे मूल सांभाळायला बाई ठेवायची तर तासावर युरो मोजावे लागतात. आजी एका व्हिसात भागते.

तक्रार नाही हो. अशा बोलीवर मी चंद्रावरही जाईन. पण सोलापुरात कुठलीही गोष्ट घरातल्या घरात ठरत नाही. बातमी फुटली आणि सल्ले यायला लागले. समोरच्या अक्का म्हणजे तेलुगू घरात जन्म, कन्नड शेजार आणि मराठी शाळा. त्यांना एका वाक्यात तीन भाषांतून काळजी करता येते. त्यांनी दारातूनच विचारलं, "एवढंसं लेकरू घेऊन कुठं जाऊलालाव?" आणि संध्याकाळी एक चादर आणून दिली. सोलापूरची चादर पांघरून कुणाला थंडी वाजल्याचं अजून ऐकिवात नाही. पण ती एकदा बॅगेत शिरली की बाकीच्या सामानानं बाहेर उभं राहायचं.

"इतकी लहान मुलं घेऊन जायचं कशाला? त्यांना काय आठवणार आहे?" हा प्रश्न सगळ्यांचाच. मला त्यावर पंडिता रमाबाई आठवायच्या. 1883 साली त्या इंग्लंडला निघाल्या तेव्हा मनोरमा दोन वर्षांची होती. नवरा आदल्याच वर्षी गेलेला, 'स्त्रीधर्मनीति'च्या विक्रीतून उभे केलेले प्रवासाचे पैसे, आणि कडेवर हे लेकरू. बोटीवरचे दिवसच्या दिवस, त्यात बाई पक्क्या शाकाहारी. विलायतेतही त्यांनी तो नेम सोडला नाही. त्यांच्याकडे डायपर नव्हते, प्रवासविमा नव्हता, आणि मदतीला सासू तर नव्हतीच. हे सगळं मी अक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ती शिकायला गेली. तुम्ही फिरायला चाललाव." यावर काही बोलता येईना.

परदेशवारीतला पहिला दिव्य प्रसंग तान्ह्या मुलाचा पासपोर्टचा फोटो. पासपोर्टसाठी आता पुण्याची वारी नाही, सोलापुरात पोस्टातच काम होतं. पण चार वर्षांखालच्या मुलाचा फोटो आपला आपण काढून न्यायचा. मागे पांढरंशुभ्र, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, कुणाचा हात दिसता कामा नये. आठ महिन्यांच्या बाळाचे डोळे उघडे असतात तेव्हा तोंडही उघडं असतं, आणि तोंड मिटतं तेव्हा ते झोपलेलं असतं. नव्या पेठेतल्या फोटोवाल्यानं त्याला आडवं निजवून वरून फोटो काढायचं ठरवलं आणि म्हणाला, "एक साधी पांढरी चादर द्या." भौगोलिक मानांकन मिळवलेल्या चादरींचं हे गाव, आणि आमच्या अख्ख्या कपाटात साधी पांढरी चादर नाही! मोर आहेत, वेलबुट्टी आहे, चौकडे आहेत. शेवटी ह्यांचं धोतर अंथरलं. धाकट्याचा पासपोर्ट कोणत्याही विमानतळावर उघडला की मागे आमच्या लग्नातलं धोतर आहे, हे फक्त आम्हाला ठाऊक.

व्हिसाचा फॉर्मही असाच. सहा वर्षांखालच्या मुलांना शेंगेन व्हिसाची फी नाही, बारा वर्षांखालच्यांना बोटांचे ठसे नाहीत. पण रकाने सगळ्यांना सारखे. त्यात एक रकाना व्यवसायाचा. धाकट्याचा व्यवसाय काय लिहायचा यावर घरात गंभीर चर्चा झाली. हे म्हणाले, "निवृत्त लिहा. माझा आणि त्याचा दिवस सारखाच जातो. मी पेपर वाचतो, तो फाडतो."

माझी सून पुण्याची. त्यामुळे सामानाची यादी छापील होती आणि प्रत्येक ओळीपुढे चौकोन होता. माझी यादी डोक्यात होती. नाचणीचं सत्त्व, मेतकूट, वेखंड, दोन टोपरी, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी. तुपाची बरणी मात्र अडली. दूध आणि दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत. तान्ह्या मुलांची दुधाची पावडर आणि पाकीटबंद बाळअन्न तेवढं दोन किलोपर्यंत चालतं. साजूक तुपाला घाबरणारा हा कसला खंड, असं मी म्हटलं. पण बरणी घरीच राहिली. कडक भाकरीला कुणाची हरकत नव्हती. ती ना नासते ना सांडते, आणि महिनाभरानंतरही तशीच खुटखुटीत. धाकट्याला दात येत होते. दुकानातून आणलेली रबरी खेळणी तो फेकून द्यायचा, भाकरीचा तुकडा मात्र मुठीत धरून तासन् तास चोखायचा. त्यानं पॅरिस पाहिलं ते हा तुकडा तोंडात धरून.

मुंबईपर्यंत सिद्धेश्वर एक्स्प्रेस. गाडी सुटायच्या आत धाकटा माझ्या मांडीवरून समोरच्या बाकावर, तिथून खिडकीपाशी बसलेल्या मावशींकडे, आणि कुर्डुवाडीच्या आधी वरच्या बर्थवर पोचला होता. कुणी विचारलं नाही, कुणी नाव सांगितलं नाही. तो रडला तेव्हा चार निदानं एकदम आली. पोटात वात धरलाय, कान दुखतोय, दृष्ट लागली, टोपरं घट्ट झालंय. सुनेच्या चेहऱ्यावर पुण्याचे भाव उमटले, पण तिला तेवढ्यात तासभर झोप मिळाली.

विमानात सगळं उलटं. दोन वर्षांखालच्या मुलाचं तिकीट मोठ्यांच्या साधारण दहा टक्के, कारण त्याला जागाच नसते. आईची मांडी हीच जागा. समोरच्या भिंतीला पाळणा लावून देतात. त्यात बाळ निजलं की ढग येतात. ढग आले की पट्ट्याचा दिवा लागतो. दिवा लागला की हवाई सुंदरी हसून सांगते, बाळाला बाहेर काढा. बाहेर काढलं की ते जागं होतं, आणि जागं झालं की दिवा विझतो. अरबी समुद्रापासून आल्प्सपर्यंत आम्ही हेच केलं. शेजारचा गृहस्थ सज्जन. कानात बोळे घालून झोपेचं सोंग करत राहिला. त्यानं एकदाही बाळ मागितलं नाही, याचंच मला राहून राहून नवल वाटत होतं.

पॅरिसबद्दल लिहिणाऱ्यांनी भरपूर लिहून ठेवलं आहे, त्यामुळे मी थोडक्यात आटोपते. आयफेल टॉवर 330 मीटर उंच आहे. आम्ही तो खालून पाहिला. बाबागाडी घडी केल्याशिवाय वर नेता येत नाही, आणि धाकटा तिच्यात नुकताच झोपला होता. झोपलेलं मूल उठवून टॉवर बघणारी बाई अजून जन्माला यायची आहे.

मेट्रोबद्दल मात्र सांगायला हवं. पॅरिसची मेट्रो 1900 साली सुरू झाली, तेव्हा तान्हं मूल घेऊन जमिनीखाली कुणी उतरेल असं बांधणाऱ्यांच्या मनात आलेलं दिसत नाही. जिने, वळणं, पुन्हा जिने. सगळ्या स्थानकांना लिफ्ट असलेली मार्गिका एकच, 14 नंबरची, आणि ती 1998 सालची. पहिल्याच जिन्यापाशी आम्ही बाबागाडी, दोन मुलं, तीन पिशव्या आणि एक आजोबा असा संसार मांडून उभे होतो. एवढ्यात सूट घातलेला एक उंच माणूस आला, न बोलता बाबागाडीचं पुढचं चाक धरलं, मुलानं मागची मूठ धरली आणि पालखी वर गेली. वर पोचताच तो चालता झाला. आभार घ्यायलाही थांबला नाही. पुढच्या जिन्यावर एक कॉलेजची मुलगी, मग एक म्हातारा, ज्याला खरं तर आम्हीच धरायला हवं होतं. पॅरिसची माणसं तुसडी, असं मी निघताना दहा जणांकडून ऐकलं होतं. असतीलही, सपाटीवर. जिन्यावर ती चांगली असतात.

उन्हाळ्यातल्या युरोपची दुसरी गंमत म्हणजे सूर्य. मेअखेरीस तो पॅरिसमध्ये रात्री साडेनऊ वाजून गेले तरी मावळायचं नाव घेत नाही. मोठ्या माणसांना ही चैन वाटते. थोरलीला आम्हीच शिकवलं आहे की अंधार पडला की झोपायचं. ती खिडकीशी उभी राहून शांतपणे सांगायची, "आज्जी, अजून दिवस आहे." घड्याळ तिला कळत नव्हतं, तिचा मुद्दा बिनतोड होता. आम्ही जाड पडदे ओढून खोलीत कृत्रिम अमावस्या करायचो आणि अंधारात कुजबुजत शेंगाची चटणी खायचो.

पॅरिसहून ब्रसेल्स गाडीनं दीड तासाच्या आत येतं. तिथला मोठा चौक फारच देखणा. तिथून दोन-चार गल्ल्या चाललं की एका कोपऱ्यावर गर्दी दिसते. जगभरची माणसं माना उंच करून कॅमेरे रोखून उभी. मधे एक कारंजं आणि त्यावर नागडा पोरगा, चक्क शू करतो आहे. मानेकेन पिस त्याचं नाव. उंची फक्त 55.5 सेंटीमीटर, म्हणजे आमच्या धाकट्यापेक्षाही बुटका. जेरोम ड्यूकेनॉय नावाच्या शिल्पकाराकडे शहरानं 1619 साली ही ब्राँझची मूर्ती सोपवली. चोऱ्यामाऱ्यांना कंटाळून अस्सल मूर्ती आता संग्रहालयात ठेवली आहे. कोपऱ्यावर दिसते ती 1965 पासूनची प्रतिकृती. या पोराला कपडे किती असावेत? हजाराच्या वर! राजे-रजवाड्यांपासून देशोदेशीच्या पाहुण्यांपर्यंत सगळे त्याला पोशाख भेट देतात. फ्रान्सच्या पंधराव्या लुईनं 1747 साली दिलेला अजून जपून ठेवला आहे. 2017 पासून त्याच्या कपड्यांचं स्वतंत्र संग्रहालय आहे. एवढं असून आम्ही गेलो त्या दिवशी अंगावर सूत नव्हतं. धुणं पडलं असेल.

थोरली ह्यांच्या खांद्यावर होती. आजोबांच्या सहवासात तिनं सोलापुरी उचललेली, आणि सून ती घासून काढायच्या मागे. गर्दीत क्षणभर शांतता पसरायला आणि थोरलीनं बोट दाखवून खणखणीत आवाजात विचारायला एकच गाठ पडली, "आज्जी, ते बघ! काय करूलालाय बे?" सुनेनं डोळे मिटले. हे खांद्यावरच्या नातीसकट गदगदून हसायला लागले. गर्दीत मागे कुठून तरी एक मराठी आवाज आला, "सोलापूर का?"

तेवढ्यात थोरलीलाही आठवण झाली. मूर्ती पाहून अशी आठवण होणं नैसर्गिकच होतं, पण आम्ही जागा शोधत धावलो तेव्हा कळलं की युरोपात या गोष्टीला नाणं पडतं. ज्या गावात एक पोरगा चारशे वर्षं उघड्यावर फुकट करतो आणि लोक त्याचे फोटो काढतात, त्याच गावात माझ्या नातीला दाराआड जायचे पैसे. आपल्याकडे उघड्यावर करणाऱ्यांची कमतरता नाही. कारंजं बांधायचं तेवढं राहून गेलं.

स्वित्झर्लंडमध्ये मात्र मुलांचं राज्य. सहा वर्षांखाली गाडीला तिकीट नाही. दुमजली लांब पल्ल्याच्या गाड्यांत वरच्या मजल्यावर कुटुंबांचा वेगळा डबा असतो आणि त्यात चालत्या गाडीत घसरगुंडी! फलाट आणि डब्याचं दार एका पातळीत, ट्राममध्ये बाबागाडी अशी सरकते की पाणी हलत नाही, रस्ता ओलांडताना फुटपाथची कड आपोआप खाली येते. पॅरिसमध्ये दंड दुखून आलेला माझा मुलगा इथे एका हातानं बाबागाडी लोटत दुसऱ्या हातानं फोटो काढत होता. धाकट्यानं गाडीत सूर लावला तर एक मान वळली नाही. रागानं नव्हे, सभ्यतेनं. ज्याचं मूल त्याचं रडं, आपण बघू नये, अशी तिथली रीत. एका सोनेरी केसांच्या बाळाचा गालगुच्चा घ्यायला माझा हात पुढे गेला, तो सुनेनं हवेतच पकडला. "आई, इथे नाही हं."

हे आणि मुलगा टिटलिसला गेले. 3,020 मीटर उंचीवर तान्ही मुलं नेऊ नका, असं आमच्या डॉक्टरांनी निघतानाच बजावलं होतं. बर्फात उभ्या केलेल्या शाहरुख-काजोलच्या चित्रामध्ये उभं राहून ह्यांनी फोटो काढून घेतला. आम्ही दोघी लुत्सर्नला, तळ्याकाठच्या मुलांच्या बागेत. जुना लाकडी पूल 1993 साली जळाला आणि पुढच्याच वर्षी पुन्हा उभा राहिला, हे मुलगा वाचून दाखवून गेला होता. पूल आम्हाला बसल्या बाकावरून थोडासा दिसत होता. शेजारी एक आजी नातवाला वाळूत सोडून बसली होती. बराच वेळ आम्ही एकमेकींकडे न बघण्याची सभ्यता पाळली. मग मला ते असह्य झालं. मी धाकट्याकडे बोट दाखवून आठ बोटं वर केली. तिनं आपल्याकडच्याला दाखवून सगळी दहा. मी दातांवर बोट ठेवलं. तिनं कपाळाला हात लावून रात्रभर झोप नाही अशी खूण केली. त्यानंतर आमचं तासभर बोलणं झालं, तिचं जर्मनमध्ये, माझं मराठीत. निघताना धाकट्यानं आपल्या तोंडातला भाकरीचा तुकडा काढून तिच्यापुढे धरला. तिनं तो घेतला, उलटसुलट पाहिला, "डांके" म्हणाली आणि रुमालात बांधून पर्समध्ये ठेवला. पुढे त्याचं काय झालं कोण जाणे.

त्या रात्री धाकटा फार किरकिरला. मी म्हटलं, दृष्टच लागली. मीठ-मोहऱ्या उतरवल्या, पण टाकायच्या कुठे? खोलीत विस्तव नाही, आणि छतावर धूर ओळखणारं यंत्र डोळा वटारून बसलेलं. मिरच्या जाळल्या असत्या तर अग्निशामक दल आलं असतं आणि पुढचा व्हिसा कायमचा मिटला असता. शेवटी बेसिनमध्ये सोडून नळ फिरवला. बाळ झोपलं. सून म्हणाली, "दमला होता." मी काही बोलले नाही.

परतल्यावर मला सगळे विचारतात, काय आवडलं? मी म्हणते, पॅरिसचा जिना. लोकांना वाटतं आजी विनोद करते. पण तिथे मला एक गोष्ट उमगली. जिथे उतार आणि लिफ्ट आहे तिथे कुणी कुणाकडे बघत नाही, कारण गरजच पडत नाही. जिथे जिना आहे तिथे हात पुढे येतो. आणि आपलं सोलापूर म्हणजे सगळा जिनाच! म्हणून इथे हातांना तोटा नाही. गड्ड्याच्या यात्रेत, नंदीध्वजांच्या मिरवणुकीत लेकरं बाबागाडीत दिसतात का? ती कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर असतात. बऱ्याचदा तो खांदा बापाचा नसतोही. माझी सून याला ढवळाढवळ म्हणते. तिकडे आठवडाभर एकाही परक्या माणसानं बाळ मागितलं नाही, तेव्हा मात्र तीच म्हणाली, "आई, सोलापूरला गेल्यावर मी दोन दिवस झोपणार आहे." आणि झोपली. धाकटा अक्कांकडे होता.

म्हणून कुणी असं समजू नये की उतार नकोच. हात आहेत म्हणून खड्डे ठेवायचे, हा कुठला न्याय? आणलेली बाबागाडी आता जिन्याखाली उभी आहे, तिच्यात कांदे ठेवले आहेत. दारापासून चौकापर्यंत ती न्यायची तर कधी फुटपाथ संपतो, कधी त्याची कड गुडघ्याइतकी उंच येते, कधी मधेच डीपी नाहीतर पाणीपुरीची गाडी. जानेवारी 2016 मध्ये देशातल्या पहिल्या 20 स्मार्ट शहरांत सोलापूरचं नाव आलं, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. माझं मागणं घसरगुंडीच्या डब्याचं नाही. सात रस्त्यापासून पार्क चौकापर्यंत फुटपाथ सलग करा आणि प्रत्येक वळणावर त्याची कड उतरती करा, एवढंच. मूल रडलं तर काय करायचं, ते आमचं आम्ही बघून घेऊ.